कराड दक्षिण : 1952 पासून फक्त चार आमदार, आणि 2024 ला चुकलेला हिशोब

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. सध्या शेतीची लाईट रात्रीची आहे, मोटर चालू करून बसलोय, झोप काय येत नाही, म्हणून बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो.

आपल्या कराड दक्षिणला 1952 पासून आमदार किती झाले माहिताय का? चार. यशवंतराव मोहिते भाऊ, विलासराव पाटील उंडाळकर काका, पृथ्वीराज चव्हाण बाबा आणि आता 2024 पासून अतुलबाबा भोसले. भाऊंची 28 वर्षं, काकांची 34 वर्षं, म्हणजे पहिली 62 वर्षं दोनच माणसं! राज्यात काँग्रेस फुटली, जनता पक्ष आला, युती आली, आघाडी आली, इकडं मात्र आमदार तोच. पक्षाचं चिन्ह बदललं तरी माणूस बदलला नाही. भाऊ तर 1952 आणि 57 ला शेकापकडनं (शेतकरी कामगार पक्ष) निवडून आले आणि मग काँग्रेसमध्ये गेले, लोकांनी तिथंही त्यांनाच दिलं.

माझं म्हणणं असं की इथं निवडणूक पक्षाची कधी नव्हतीच, गटाची होती. रेठऱ्याच्या कृष्णा साखर कारखान्याचा गट (त्यातही मोहिते आणि भोसले वेगळे), उंडाळ्याचा काकांचा गट, आणि कराडात दाजीसाहेब-प्रेमलाकाकींपासून (पृथ्वीराज बाबांचे आईवडील) चालत आलेला चव्हाणांचा गट. आमचे आजोबा सांगायचे, तिघातले दोन एकत्र आले की तिसरा घरी बसला. हा हिशोब पोरं शाळेत पाढे पाठ करतात तसा आमच्या पारावरच्या प्रत्येक माणसाला पाठ.

आता आकडे बघा.
2014 : पृथ्वीराज बाबा (काँग्रेस) 76,831, काका (अपक्ष) 60,413, अतुलबाबा (भाजप) 58,621.
2019 : पृथ्वीराज बाबा 92,296, अतुलबाबा 83,166, उदयसिंह पाटील उंडाळकर (काकांचे चिरंजीव, अपक्ष) 29,401.
2024 : अतुलबाबा 1,39,505, पृथ्वीराज बाबा 1,00,150.

2020 ला काका आणि पृथ्वीराज बाबांचं मनोमिलन झालं, उदयदादा परत काँग्रेसमध्ये आले. म्हणजे तिघातले दोन एकत्र. आजोबांच्या हिशोबानं 2024 ला पृथ्वीराज बाबा आरामात यायला पाहिजे होते. 92,296 आणि 29,401 मिळवा, 1,21,697 होतात. पडली 1,00,150. साडेएकवीस हजार मतं कुठं गेली? मला हा प्रश्न खरंच सुटत नाही, तुम्ही सांगा.

---

मांडखोरं

दादा चांगला विषय काढलास. मी उंडाळे भागातला, दक्षिण मांड नदीच्या खोऱ्यातला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या भागात आहे पण ते आकड्यात दिसायचं नाही.

काका आमच्यासाठी आमदार नव्हते, घरचे कर्ते माणूस होते. डोंगराकडच्या वाडीत रस्ता न्यायचा, बंधारा घालायचा, पोराला बँकेत नाहीतर संस्थेत चिकटवायचा, सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायचं, सगळं एकाच दारात. जिल्हा बँकेवर काका किती वर्षं होते, कोयना दूध संघ होता, आमच्या गावात डेअरी, सोसायटी आणि ग्रामपंचायत तिन्हीकडं तीच माणसं. माझ्या वडलांच्या पासबुकात दुधाचं बिल, सोसायटीचा हप्ता आणि उसाचं बिल या तीनच नोंदी सापडतील, आणि तिन्ही संस्थांचा पत्ता राजकारणाला जाऊन मिळायचा. असं असताना माणूस चिन्ह बघून मत देईल का.

आता 2014 ला काय झालं, सात वेळा निवडून आलेल्या माणसाचं तिकीट कापलं. 80, 85, 90, 95, 99, 2004, 2009, एकदा पण न पडता. 99 ला राष्ट्रवादी निघाली तेव्हा जिल्ह्यातले बहुतेक पुढारी तिकडं गेले, काका काँग्रेस सोडून हलले नाहीत. आणि त्याच काँग्रेसनं तिकीट दिलं नाही. ती गोष्ट आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या मनातनं कधी गेली नाही. माझी आजी त्या निकालाच्या दिवशी जेवली नव्हती. 2020 ला नेते स्टेजवर एकत्र बसले, आम्ही टाळ्या वाजवल्या, पण सहा वर्षं ज्यांच्याविरुद्ध गावात भांडलो, भावकी तोडली, लग्नाला गेलो नाही, त्यांना मत द्या म्हणलं की हात वळत नाही. आणि मनोमिलनानंतर दोनच महिन्यात, 4 जानेवारी 2021 ला काका गेले. ते असते तर गोष्ट वेगळी असती हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

---

जुना कराडकर

कृष्णाकाठचा, एक महत्त्वाची गोष्ट तुमच्या हिशोबात राहिली आहे. 2009 च्या मतदारसंघ पुनर्रचनेआधी कराड शहर दक्षिणेत नव्हतंच, ते उत्तरेत होतं. मी आयुष्यभर उत्तरेत मतदान केलं. आमचं शहर म्हणजे पी. डी. पाटील साहेब, चार दशकं नगराध्यक्ष. आमदारकीला सुरवातीला यशवंतराव चव्हाण. त्यामुळं भाऊंचा आणि काकांचा 2009 पर्यंतचा मतदारसंघ हा जवळपास पूर्ण खेड्यांचा होता, एका बाजूला कृष्णाकाठचा बागायत ऊस आणि दुसऱ्या बाजूला डोंगरी पट्टा. तिथं गटाचा हिशोब चालायचा कारण प्रत्येक घर कुठल्या तरी संस्थेचं सभासद होतं.

शहर आल्यावर चित्र बदललं. पेठेतला दुकानदार, आगाशिवनगरात भाड्यानं राहणारा माणूस, बाहेरगावाहून येऊन स्थायिक झालेला प्राध्यापक, यांचा सोसायटीशी काय संबंध? 2009 ला काका निवडून आले ते जुन्या पुण्याईवर. पण 2014 ला पृथ्वीराजबाबा पहिल्यांदाच विधानसभेला उभे राहिले (मुख्यमंत्री होताना ते विधानपरिषदेवर गेले होते) तेव्हा शहरी मतदार हा त्यांचा मोठा आधार होता. शहर उत्तरेतच राहिलं असतं तर 2014 ला काका आठव्यांदा आमदार झाले असते असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. 1957 विसरू नका. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ इतकी पेटली होती की खुद्द यशवंतराव चव्हाण कराडमधून शेकापच्या केशवराव पवारांसमोर थोडक्या मतांनी वाचले, आणि शेजारी दक्षिणेत शेकापचेच मोहिते भाऊ निवडून आले. तेव्हा इथं लाट होती, विचार होता. माझे वडील काँग्रेसचे, बैलजोडीवाले, चुलते शेकापचे, आणि निकालापर्यंत दोघं एका ताटावर बसायचे नाहीत. म्हणजे इथं फक्त गटच चालतो हे सुरवातीपासून खरं नाही. गट नंतर आले, कारखाना आल्यावर.

---

कृष्णाकाठचा

कराडकर काका, तुम्ही म्हणता ते शहराचं मी खरंच धरलं नव्हतं. धन्यवाद. आणि कारखान्यानंतर गट आले हे पण पटतंय.

कारखान्याबद्दल थोडं लिहितो कारण बाहेरच्या लोकांना त्याशिवाय हा मतदारसंघ कळायचा नाही. रेठरे बुद्रुकचा कृष्णा. मोहिते भाऊ आणि जयवंतराव भोसले आप्पा, आडनावं वेगळी असली तरी सख्खे भाऊ, दोघांच्या नावाशी हा कारखाना जोडलेला. पुढं त्याच घरात दोन बाजू झाल्या. 1989 ला मदनराव मोहित्यांनी आप्पांच्या पॅनेलचा पराभव केला, 99 ला डॉ. सुरेशबाबा भोसले (अतुलबाबांचे वडील) आले, 2005 ला भाऊंचे चिरंजीव डॉ. इंद्रजित मोहिते, 2010 ला अविनाश मोहिते, 2015 ला परत सुरेशबाबा आणि 2021 ला पुन्हा सुरेशबाबा. बघा, 1989 पासून 2010 पर्यंत कारखान्यानं इतक्या वेळा सत्ता बदलली आणि त्याच काळात आमदार एकच! लोकांचा सगळा राग, सगळी ईर्षा कारखान्याला निघायची. कारखान्याच्या निवडणुकीत आमच्या गावात जी चुरस बघितली ती विधानसभेला मी कधी बघितली नाही. आजोबांचा शेअर्सचा दाखला अजून लोखंडी ट्रंकेत आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, सातबाऱ्याच्या वर ठेवलेला.

आणि काकांचं 34 वर्षाचं गणित पण इथंच आहे असं मला वाटतं. रेठऱ्यात मोहिते-भोसले एकमेकात लढत राहिले, कृष्णाकाठची मतं फुटत राहिली, आणि डोंगराकडची मतं एकगठ्ठा.

---

वाळव्याचा सभासद

मी रेठरे हरणाक्षचा. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, आमदारकीला मतदान इस्लामपूरला, पण कारखान्याला मतदान कृष्णाला. त्यामुळं दोन्हीकडचं बघतो. एक सांगतो, कारखान्याचे सभासद 47 हजारांच्या आसपास, पण ते कराड, वाळवा, कडेगाव असे पसरलेत. म्हणजे कारखाना जिंकला की आमदारकी जिंकली असं सरळ नसतं, माझ्यासारख्याचं मत कराड दक्षिणला मोजत नाही. कारखान्यानं मिळतो तो कार्यकर्ता, गावोगावची माणसं, गाडी, बूथवर बसणारा माणूस. 2015 पासून भोसल्यांकडं सलग कारखाना आहे हे 2024 ला कामाला आलं. 2014 ला तो त्यांच्याकडं नव्हता आणि तिसऱ्या नंबरला गेले, हे जुळवून बघा.

आमच्याकडं इस्लामपूरला पण 1990 पासून जयंतरावच. 2024 ला त्यांचं मताधिक्य पण 13 हजारांवर आलं. म्हणजे कृष्णेच्या दोन्ही बाजूला जुनी घरं हललीत, एकट्या कराडला असं झालेलं नाही.

---

पेठेतला

मला वाटतं तुम्ही सगळे लई खोलात शिरताय. 2024 ला सातारा जिल्ह्यात आठच्या आठ जागा महायुतीला गेल्या. शेजारी कराड उत्तरला बाळासाहेब पाटील 1999 पासून सलग पाच वेळा आमदार होते, ते पण पडले, तिथं कुठं उंडाळकर गट होता? लाडक्या बहिणीचे पैसे ऑगस्टपासून खात्यात यायला लागले, राज्यभर जे झालं तेच इथं झालं. गटाचं गणित लावून लावून आपण स्वतःला वेगळं समजतो पण 2024 ला कराड दक्षिणनं बाकी महाराष्ट्रासारखंच मतदान केलं. लोकसभेला जूनच्या निकालात इथं दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत होत्या आणि पाच महिन्यात 39,355 चा फरक पडला, पाच महिन्यात गट बदलत नाहीत, वारं बदलतं.

---

कृष्णाकाठचा

पेठेतला, वारं होतं हे मान्य, नाही म्हणत नाही. पण मी रात्री परत हिशोब मांडला. 2019 ला पहिल्या तिघांची बेरीज 2,04,863. 2024 ला दोघांची 2,39,655. म्हणजे साधारण 35 हजार मतं वाढली. समजा ही वाढलेली सगळीच्या सगळी अतुलबाबांना गेली, नवीन पोरं, लाडक्या बहिणी, सगळं धरून. तरी 83,166 अधिक 35 हजार म्हणजे 1 लाख 18 हजाराच्या आत राहतात. पडली 1,39,505. म्हणजे 21-22 हजार मतं अशी आहेत जी 2019 ला पृथ्वीराज बाबांना नाहीतर उदयदादांना होती आणि 2024 ला तिकडनं उठून इकडं आली. वारं नव्या मताला लागतं हे ठीक, पण जुनं मत उठून जातं तेव्हा घरात काहीतरी झालेलं असतं. पृथ्वीराज बाबांची मतं पाच वर्षात 7,854 नं वाढली, अतुलबाबांची 56,339 नं.

---

मलकापूरची सून

सगळे गट, कारखाना, बेरीज यावर बोलताय म्हणून मी लिहिते. माझं माहेर ओंड, सासर मलकापूर. माहेरी सगळे काकांचे, सासरी पृथ्वीराज बाबांचे. लग्नाच्या बोलणीत पण हा विषय निघाला होता, खरं सांगते, मामांनी माझ्या वडलांना विचारलं होतं तुमच्याकडं कुणाचं चालतं म्हणून.

मत कसं उठून जातं ते मी घरात बघितलंय. कोविडमध्ये सासऱ्यांना भोसल्यांच्या कृष्णा हॉस्पिटलला ठेवलं होतं. बेड मिळत नव्हते तेव्हाची गोष्ट, आम्ही बाहेर गेटपाशी रात्र काढलेली, मी डब्यात आणलेली मऊ भाकरी आत द्यायची परवानगी नव्हती म्हणून ती तशीच हातात धरून बसलेले. सासरे बरे होऊन घरी आले. पुढं 2024 ला घरात कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण मतदानाच्या दिवशी सासूबाई शाळेतनं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मी ज्यांनी माणूस परत दिला त्यांना दिलं. सासरे गप्प बसले, त्यांनी स्वतः कुणाला दिलं ते आजवर सांगितलेलं नाही. पृथ्वीराज बाबांनी मलकापूरला कामं केली नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही, रस्ते झाले, इमारती झाल्या, आणि मलकापूरची 24 तास पाण्याची योजना तर बाहेरचे लोक बघायला यायचे. पण रस्ता सगळ्यांचा असतो, आजारपण आपलं एकट्याचं असतं.

अजून एक. चार आमदार म्हणता, चौघंही पुरुष. प्रेमलाकाकी कराडच्या खासदार होत्या, त्या दिल्लीत जाऊन बसल्या, आणि विधानसभेला या मतदारसंघातनं एक बाई 72 वर्षात निवडून आली नाही. लाडक्या बहिणींच्या मतानं निकाल लागला म्हणता तर मग बहिणीला तिकीट कधी?

---

मांडखोरं

ताई तुमचं लिहिलेलं वाचून गप्प झालो. आमच्याकडं पण असंच झालंय. चुलत भावाच्या पोराचं ऑपरेशन तिथंच झालं, बिलात सवलत मिळाली, दुसऱ्या महिन्यात त्यांच्या दारावरचा झेंडा बदलला. आम्ही त्याला नावं ठेवली. आता वाटतं उगाच ठेवली. काका पण हेच करायचे की, अडलेल्याचं काम करायचे आणि माणूस जोडायचे, फक्त त्यांची जागा बँक आणि सोसायटी होती.

---

जुना कराडकर

ताईंनी आणि मांडखोरं यांनी मुद्द्याला हात घातला. भाऊंच्या काळात माणूस विचारानं जोडलेला, काकांच्या काळात सोसायटीच्या कर्जानं आणि बँकेनं, आता दवाखान्यानं आणि कॉलेजनं. पृथ्वीराजबाबांची अडचण मला नेहमी ही वाटली की ते दिल्लीत घडलेले, तीन वेळा लोकसभेचे खासदार, मुख्यमंत्री, स्वच्छ माणूस, कुणी बोट दाखवणार नाही. पण त्यांच्याकडं कारखाना नाही, बँक नाही, दूध संघ नाही. 1999 ला लोकसभेला श्रीनिवास पाटलांसमोर ते पडले तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. संस्था नसलेला माणूस इथं दहा वर्षं आमदार राहिला हेच मला विशेष वाटतं, आणि त्याचं श्रेय मी मतदाराला देतो. 2019 ला तर राज्यात युतीचं सरकार परत येणार असं सगळे धरून चाललेले, साताऱ्यात पवार साहेबांची ती पावसातली सभा झाली, तीन दिवसांनी मतदान, आणि पृथ्वीराजबाबा 9,130 मतांनी निवडून आले.

अतुलबाबांबद्दलही प्रामाणिकपणे लिहायला हवं. 2009 ला ते कराड उत्तरमधून उभे राहून पडले, 2014 ला इथं तिसरे, 2019 ला दुसरे, 2024 ला पहिले. विलासराव देशमुखांचे बंधू दिलीपराव देशमुख यांचे जावई असून भाजपमध्ये गेले म्हणून कराडात किती बोललं गेलं. पण 15 वर्षं माणूस गावं सोडून गेला नाही. तीन पराभव पचवून उभं राहणं सोपं नाही.

---

वाळव्याचा सभासद

कृष्णाकाठच्या दादा, तुमच्या साडेएकवीस हजाराचं उत्तर पाहिजे असेल तर फॉर्म 20 काढा. बूथनिहाय मतं असतात त्यात, निवडणूक आयोगाच्या साईटवर मिळतं. 2019 चा आणि 2024 चा शेजारी ठेवा, उंडाळे, येळगाव, कोळे, सवादे हा पट्टा वेगळा काढा, वडगाव, कार्वे, शेरे, रेठरे वेगळा आणि शहर-मलकापूर वेगळं. मग कळंल मत डोंगरातनं उठलं का मलकापुरातनं.

---

कृष्णाकाठचा

काढतो. पोराला सांगितलंय, तो कॉम्प्युटरवर यादी करून देईल म्हणाला. बूथचे नंबर दोन्ही वेळचे सारखे नाहीत, काही ठिकाणी एका बूथचे दोन झालेत, त्यामुळं गावाच्या नावानं जुळवायला लागणार. मांडखोरं, तुमच्या भागातल्या वाड्यांची नावं मला नीट माहीत नाहीत, कुठली वाडी कुठल्या शाळेत मतदान करते तेवढं लिहून पाठवा.

---

मांडखोरं

पाठवतो. रविवारी वडलांना घेऊन बसतो, त्यांना 80 पासूनचे सगळे बूथ तोंडपाठ आहेत. आमच्या वाडीची माणसं आधी डोंगर उतरून खालच्या गावाला मतदानाला जायची, म्हाताऱ्यांना डोलीत घालून न्यायचे. वाडीत शाळेची खोली झाली तेव्हा बूथ वर आला. ती खोली कुणाच्या काळात झाली ते विचारू नका दादा, सांगताना वडलांच्या डोळ्यात पाणी येतं.